ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचा पीए प्रोग्राम, ॲक्रेडिटेशन प्रोव्हिजनल – ॲडमिशन घ्यावी का?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी, लेकीच्या ॲडमिशनचं विचारायचंय. अमेरिकेत हॉस्पिटलमध्ये काम करणारे इथे बरेच जण आहेत म्हणून इथेच विचारतेय. लेकीचं बायोलॉजी झालंय, मग पेशंट केअरचे तास भरायला मेडिकल असिस्टंटची नोकरी केली आणि या वर्षी कॅस्पामधून, म्हणजे एकत्र अर्ज करायच्या पोर्टलवरून, पीएसाठी, म्हणजे फिजिशियन असिस्टंटसाठी, भरपूर ठिकाणी अर्ज टाकले. एका ठिकाणाहून हो आलंय, एका स्टेट युनिव्हर्सिटीत वेटलिस्टवर आहे, बाकीच्यांनी एकतर नाही म्हटलंय नाहीतर उत्तरच दिलेलं नाही.

हो आलंय ती ख्रिश्चन युनिव्हर्सिटी आहे, नाव मुद्दाम देत नाही. युनिव्हर्सिटी चांगली जुनी आहे पण पीए प्रोग्राम अगदी नवा, पहिली बॅच अजून बाहेरसुद्धा पडलेली नाही. वेबसाइटवर 'ॲक्रेडिटेशन – प्रोव्हिजनल' असं लिहिलंय. हे वाचल्यापासून नवरा हटून बसलाय की मान्यता नसलेल्या कॉलेजात एक डॉलर घालणार नाही, लेक म्हणते मान्यता आहे, तुम्हाला दोघांना काही कळत नाही, आणि मी मधल्यामध्ये. डिपॉझिट भरायची तारीख डोक्यावर आलीये आणि ते परत मिळत नाही.

तर प्रोव्हिजनल म्हणजे नक्की काय, उद्या मान्यता गेली तर पोरीचं काय, असल्या प्रोग्राममधून बाहेर पडलेल्यांना नोकऱ्या लागतात का आणि ते बघायचं कुठे? आणि शेवटचं म्हणजे धर्माचं. आम्ही घरी गणपती बसवणारी माणसं, तिला तिथे बायबल, चर्च वगैरेची सक्ती असेल का? ती म्हणते आई मला फरक पडत नाही, पण सव्वादोन वर्षं राहायचंय तिला तिथे.

---

रात्रपाळी

पाऊलवाटताई, मी पीए आहे, इमर्जन्सीमध्ये काम करतो आणि स्वतः दक्षिणेतल्या एका ख्रिश्चन युनिव्हर्सिटीतूनच शिकलोय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी नवऱ्याची शंका. अमेरिकेत दोन वेगवेगळ्या मान्यता असतात आणि लोक हमखास त्यात गोंधळतात. एक अख्ख्या युनिव्हर्सिटीची, ती एचएलसी किंवा एसएसीएससीओसीसारख्या संस्था देतात. ख्रिश्चन संस्थांसाठी टीआरएसीएस नावाचीही एक आहे आणि तीही फेडरल शिक्षण खात्याने मानलेली आहे. दुसरी मान्यता त्या एका प्रोग्रामची. पीएसाठी ती देणारी संस्था देशात एकच, एआरसी-पीए. युनिव्हर्सिटी दीडशे वर्षं जुनी असली, तिची स्वतःची मान्यता कितीही भक्कम असली तरी पीए प्रोग्रामला एआरसी-पीएची मान्यता नसेल तर पोरीला पॅन्सला, म्हणजे पीएच्या देशपातळीवरच्या परीक्षेला, बसताच येणार नाही, आणि पॅन्स नाही तर कुठल्याच राज्यात लायसन्स नाही. म्हणजे तुमच्यासाठी ही दुसरी मान्यताच कामाची.

आता प्रोव्हिजनल. ती 'प्रतीक्षेत' नाहीये हो, ती मान्यताच आहे. नवीन प्रोग्रामला ती पहिला विद्यार्थी आत घ्यायच्या आधी मिळवावी लागते, त्यासाठी एआरसी-पीएची माणसं येऊन बघून जातात. मग पहिली बॅच पास व्हायच्या सुमाराला दुसऱ्यांदा येतात, आणि त्यानंतर शेवटची तपासणी. सगळं नीट झालं तर पहिली बॅच आत आल्यापासून साधारण पाच वर्षांनी 'कंटिन्यूड' हा दर्जा मिळतो, मग पुढची मोठी तपासणी जास्तीत जास्त दहा वर्षांनी. जो जुना प्रोग्राम आज कंटिन्यूड आहे तोही कधीतरी नवाच होता. प्रोव्हिजनलवाल्या प्रोग्राममधून पास झालेली मुलं इतरांसारखीच पॅन्सला बसतात आणि सर्टिफिकेटवर 'प्रोव्हिजनलमधून' असला काही शिक्का येत नाही.

धोका नाही असं मात्र नाही. शेवटच्या तपासणीनंतर कंटिन्यूड मिळू शकतं, प्रोबेशन मिळू शकतं किंवा मान्यता काढूनही घेतली जाऊ शकते. प्रोबेशन म्हणजे दोरी ताणलेली आहे पण तुटलेली नाही, त्या काळातली मुलंही परीक्षेला बसतात. म्हणून मान्यता आहे का एवढं विचारून थांबू नका. एआरसी-पीएच्या वेबसाइटवर प्रत्येक प्रोग्रामचा मान्यतेचा इतिहास असतो, कधी काय दर्जा मिळाला, कमिशनने काय नोंदवलं, कुठला रिपोर्ट मागितला, सगळं तारखेनिशी. कॉलेजच्या पानावरचं वाक्य सगळ्यांचं सारखंच असतं कारण ते ठरवूनच दिलेलं आहे, खरी माहिती त्या इतिहासात. एकामागून एक रिपोर्ट मागवलेले दिसले तर कशाबद्दल ते प्रोग्राम डायरेक्टरला सरळ विचारा, चांगला डायरेक्टर न चिडता सांगतो.

नोकरीचं: बीएलएस या सरकारी कामगार आकडेवारी खात्याच्या आकड्यांप्रमाणे मे २०२४ मध्ये पीएचा मधला वार्षिक पगार १,३३,२६० डॉलर होता आणि २०२४ ते २०३४ मध्ये नोकऱ्या २० टक्क्यांनी वाढतील असा त्यांचा अंदाज आहे. पॅन्स पास झालेल्याला नोकरी लागते. मनासारखी, मनासारख्या गावात लागते का हा वेगळा प्रश्न. माझ्या मुलाखतीत कॉलेज ख्रिश्चन की सरकारी याबद्दल अवाक्षर निघालं नाही. रोटेशन, म्हणजे वेगवेगळ्या विभागांतलं प्रत्यक्ष शिक्षण, कुठे केली, टाके किती घातले, रात्रपाळी चालेल का, आणि पॅन्स घेणाऱ्या एनसीसीपीएचं सर्टिफिकेट कधी हातात येईल, एवढंच विचारलं.

---

आकडेवेडा

रात्रपाळी यांच्याशी सहमत, पण 'पॅन्स पास झालेल्याला नोकरी लागते' यातला पहिला शब्दच कळीचा आहे, म्हणून माझा आवडता विषय काढतो.

प्रत्येक पीए प्रोग्रामला दोन कागद दरवर्षी १ एप्रिलच्या आत स्वतःच्या वेबसाइटवर टाकावेच लागतात, एआरसी-पीएची सक्ती आहे. पहिला म्हणजे एनसीसीपीएने बनवलेला पॅन्सचा पाच वर्षांचा रिपोर्ट. त्यात बॅचनुसार किती जण पहिल्यांदा बसले, त्यातले किती टक्के पास, आणि शेजारीच देशाची सरासरी. ही सरासरी अलीकडे ९२-९३ टक्क्यांच्या आसपास असते, २०२० मध्ये ९५ होती. दुसरा कागद म्हणजे ॲट्रिशनचा तक्ता, म्हणजे किती जण आत आले, किती पदवी घेऊन बाहेर पडले आणि किती गळले.

सगळेजण पहिलाच बघतात. कॉलेजं पण होम पेजवर मोठ्या अक्षरात '१०० टक्के पास' लावतात. पण पॅन्सला बसतो कोण? पदवी मिळालेला. मधेच गळलेला त्या टक्क्यात येतच नाही. आता समजा 'अ' कॉलेजात ४० जण आले, ३३ जणांना पदवी मिळाली आणि ३३ च्या ३३ पहिल्या फटक्यात पास. झाले १०० टक्के. 'ब' कॉलेजात ४० आले, ३९ ना पदवी आणि त्यातले ३६ पहिल्या फटक्यात पास, म्हणजे ९२ टक्के. जाहिरातीत 'अ' भारी. पण आज तुमची पोरगी दारात उभी आहे, तिच्या बाजूने बघा. 'अ' मध्ये ४० पैकी ३३ जण पार पडले, 'ब' मध्ये ३६, आणि 'ब' मधल्या उरलेल्या तिघांना परत बसता येतं. पॅन्सला सहा वर्षांत सहा संधी असतात, नव्वद दिवसांत एकदाच आणि एका कॅलेंडर वर्षात जास्तीत जास्त तीनदा. 'अ' मधल्या सात जणांकडे मात्र लोन आहे आणि पदवी नाही.

म्हणून दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचायचे. 'डिसेलरेटेड' असा शब्द दिसला तर तो म्हणजे खालच्या बॅचमध्ये ढकललेला विद्यार्थी, त्याचं एक वर्ष आणि एका वर्षाचा खर्च वाढला. थोडे असतील तर काही नाही, दरवर्षी बरेच असतील तर एकतर मुलं घेताना गडबड होतेय किंवा शिकवताना.

लहान बॅचचा टक्का बघून घाबरू पण नका आणि भुलू पण नका. ३० च्या बॅचमध्ये तिघे नापास झाले की ९० टक्के, सहा झाले की ८०. एका वर्षाचं काही खरं नसतं, पाच वर्षांचा कल बघायचा. एक खूणगाठ बांधून ठेवा, पहिल्या प्रयत्नाचा टक्का ८५ किंवा खाली गेला की प्रोग्रामला एआरसी-पीएकडे कारणमीमांसा पाठवावी लागते.

राहता राहिला नोकरीचा टक्का. तो छापायची सक्ती नाहीये. 'सहा महिन्यांत ९८ टक्के प्लेसमेंट' असं लिहिलेलं असेल तर किती जणांनी सर्व्हेला उत्तर दिलं ते विचारा. विसातल्या बारा जणांनी उत्तर दिलं आणि बाराही नोकरीत असले की झाले शंभर टक्के.

---

पाऊलवाट

बापरे, दोघांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीला घेऊन बसले आणि दोन्ही कागद शोधले. ॲट्रिशनचा तक्ता सापडला पण त्यात नुसती किती मुलं आत आली तेवढंच आहे, पॅन्सचा रिपोर्ट तर नाहीच कारण बॅचच बाहेर पडलेली नाही. म्हणजे आकडेवेडा म्हणतात ते सगळं बरोबर पण आमच्याकडे वाचायलाच काही नाही. अशा वेळी काय बघायचं?

आणि हँडबुक सापडलं. विद्यार्थ्यांनी श्रद्धेच्या निवेदनावर सही करायची गरज नाही, ते फॅकल्टीसाठी आहे, पण एक 'कम्युनिटी कव्हेनंट' आहे त्यावर सही करावी लागते, दारू नाही, लग्नाआधी संबंध नाहीत वगैरे. नवरा म्हणाला की ही तर आपल्याकडच्या होस्टेलची नियमावली, इथे मात्र त्याचा एकदम पाठिंबा :)

---

निवांत_कट्टा

मी जरा उलटं बोलतो. प्रोव्हिजनल घेऊ नका. पहिल्या दोन बॅचेस म्हणजे गिनिपिग. प्रोफेसर नवे, सिलॅबस नवा, रोटेशनचे करार नवे, आणि प्रोग्राम डायरेक्टर मधेच सोडून गेला की सगळं हवेत. पैसे तर जुन्या प्रोग्रामइतकेच घेतात. एक वर्ष थांबा, लेकीचे तास वाढतील, पुढच्या वर्षी चांगल्या ठिकाणी लागेल. ख्रिश्चनच हवं असेल तर जुने प्रोग्राम आहेत ना, नॅशव्हिलचं ट्रेवेका नॅझरीन सत्तरच्या दशकापासून पीए बनवतंय, कॅलिफोर्नियात लोमा लिंडा आहे, आर्कान्सामध्ये हार्डिंग आहे.

---

रात्रपाळी

निवांत, गिनिपिगचा मुद्दा मान्य, पण 'एक वर्ष थांबा' हे सांगायला सोपं आहे. पुढच्या वर्षी लागेलच याची हमी कोण देणार? पीएला जागा कमी आणि अर्ज भरमसाट असतात. शिवाय थांबलेल्या वर्षाचा पीएचा पगारही जातो तो वेगळाच. आणि जुना म्हणजे सुरक्षित असंही नाही, चांगले जुने, नाव असलेले प्रोग्रामसुद्धा प्रोबेशनवर गेलेत. ॲक्रेडिटेशनचा इतिहास जुन्याचाही वाचायचा.

पाऊलवाटताई, निकालच नसतील तर निकाल ज्यातून तयार होतात त्या गोष्टी बघायच्या. मी असतो तर हे विचारलं असतं. प्रोग्राम डायरेक्टर आधी दुसऱ्या प्रोग्राममध्ये होते का, तिथले निकाल कसे होते? पहिली बॅच आत आल्यापासून किती फॅकल्टी सोडून गेले? (हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि याचं उत्तर विद्यार्थ्यांकडून घ्या, ऑफिसकडून नको.) पहिल्या बॅचला पॅकरॅट परीक्षेत साधारण कसे मार्क पडले? ही पॅन्सच्या आधीची सराव परीक्षा, बहुतेक प्रोग्राम घेतात.

आणि रोटेशन. फॅमिली मेडिसिन, इंटर्नल, इमर्जन्सी, सर्जरी, पीडियाट्रिक्स, विमेन्स हेल्थ, मेंटल हेल्थ, हे सगळं मिळायलाच हवं असा नियम आहे. नवीन प्रोग्रामची खरी तारांबळ इथे उडते, कारण आसपासचे प्रिसेप्टर, म्हणजे रोटेशनमध्ये शिकवणारी डॉक्टर-पीए मंडळी, जुन्या कॉलेजांनी आधीच धरून ठेवलेले असतात. पीडियाट्रिक्स आणि विमेन्स हेल्थचे तर विचारूच नका. मग मुलांना दोन-तीन तास लांबच्या गावात पाठवतात, राहायचा खर्च मुलांचा. तर विचारा, किती साइट्सचे करार सह्या होऊन तयार आहेत, किती लांब, राहायची सोय कोण करतं. आणि कोणी म्हणालं की 'तुमच्या ओळखीचा डॉक्टर असेल तर साइट तुम्हीच शोधा' तर तिथून उठायचं. विद्यार्थ्याला साइट किंवा प्रिसेप्टर शोधायला लावायचं नाही असा एआरसी-पीएचा स्पष्ट नियम आहे. स्वतःहून सुचवलं तर चालतं, सक्ती नाही.

---

काजवा

धर्माच्या भागाबद्दल मी लिहिते. मी हिंदू, एका कॅथलिक युनिव्हर्सिटीतून पीए झाले, आता फॅमिली प्रॅक्टिसमध्ये आहे.

'ख्रिश्चन' ही एकच पेटी नाहीये हे पहिलं लक्षात घ्या. कॅथलिक युनिव्हर्सिटी बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या धर्मात पडत नाहीत. बॅप्टिस्ट, नॅझरीन, ॲडव्हेंटिस्ट वगैरेंमध्ये फरक पडतो, आणि एकाच पंथाच्या दोन कॉलेजांतही पडतो. लोमा लिंडा ॲडव्हेंटिस्ट आहे, तिथे धर्माचा अभ्यास कोर्समध्येच असतो. काही ठिकाणी ग्रॅज्युएटवाल्यांना चॅपलची, म्हणजे कॉलेजातल्या प्रार्थनेला जायची, सक्ती नसते, अंडरग्रॅडना असते. तुमच्या इथे कव्हेनंट आहे तर ते मोडलं तर काय होतं ते वाचा, नुसती यादी वाचू नका. ताकीद की थेट काढून टाकणं? आणि ते ठरवतं कोण? काही खासगी धार्मिक संस्थांना टायटल नाइन या शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धच्या कायद्यातून काही बाबतीत सूट असते, त्यामुळे इतर कॉलेजात जी दाद मागता येते ती तिथे मिळेलच असं नाही. लेकीला आत्ता फरक पडत नसेल, पण सही करायच्या आधी तिनेच शांतपणे वाचायला हवं, तुम्ही नाही.

माझा अनुभव चांगला होता. वर्ग सुरू व्हायच्या आधी एक प्रोफेसर प्रार्थना करायच्या, मी गप्प बसून राहायचे, कोणी काही म्हटलं नाही. मरणाला टेकलेल्या पेशंटच्या खोलीत काय बोलायचं, घरच्यांना बातमी कशी द्यायची हे तिथे जेवढं शिकवलं तेवढं माझ्या स्टेट युनिव्हर्सिटीवाल्या मैत्रिणींना शिकवलेलं नाही. ॲनाटॉमी लॅबमध्ये देहदान करणाऱ्यांसाठी प्रार्थनासभा झाली होती, त्यांचे नातेवाईक पण आले होते, मला ते आवडलं.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. विमेन्स हेल्थचं रोटेशन कॅथलिक हॉस्पिटलात झालं तर तिथे बिशप मंडळींनी घालून दिलेले नियम चालतात. कुटुंबनियोजनासाठीच्या गोळ्या लिहून देणं, नसबंदी, गर्भपात यातलं काही तिथे बघायला मिळत नाही. माझ्या रोटेशनमध्ये एक बाई तिसऱ्या सिझेरियनला आली होती, तिला त्याच वेळी ट्यूब्ज बांधून हव्या होत्या, तर तिला सांगितलं की इथे नाही होणार, बरी झाल्यावर दुसरीकडे जा. म्हणजे दुसरं ऑपरेशन. मी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होते. धर्माच्या बाजूने असा किंवा विरोधात, विद्यार्थी म्हणून प्रश्न असा आहे की हे शिकायचं कुठे? कारण पॅन्स सगळ्यांना एकच. गर्भनिरोधनाचे प्रश्न त्यात येतात, तुमचं कॉलेज कुठलंही असो. आमच्या प्रोग्रामने वर्गात सगळं व्यवस्थित शिकवलं, पण हाताने आययूडी (तांबीसारखं गर्भनिरोधक) बसवायला मी नोकरी लागल्यावर शिकले. लेकीला प्रायमरी केअर किंवा गायनॅकमध्ये जायचं असेल तर विमेन्स हेल्थच्या साइट्स कुठल्या हे नक्की विचारायला सांगा. प्रोटेस्टंट कॉलेज असलं तरी रोटेशनचं हॉस्पिटल कॅथलिक असू शकतं, आणि सरकारी कॉलेजचंही असू शकतं बरं का.

---

दाढदुखी

मधेच घुसते, सॉरी. मी बीडीएस आहे, आता एच-फोर व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागचा) इथे. मला पॅन्स थेट देता येते का? आधीचं शिक्षण मेडिकलचंच आहे ना.

---

रात्रपाळी

नाही. बीडीएस, बीएएमएस, एमबीबीएस, अगदी भारतात दहा वर्षं प्रॅक्टिस केलेले एमडी असले तरी एआरसी-पीएची मान्यता असलेला प्रोग्राम पूर्ण केल्याशिवाय पॅन्स नाही. शॉर्टकट विकणारे कोणी भेटले तर पळा. वर बऱ्याच प्रोग्रामना प्रीरिक्विझिट्स, म्हणजे आधी करून यायचे विषय, अमेरिकेतल्या कॉलेजचीच लागतात आणि व्हिसावाल्यांना घेतात की नाही हे प्रत्येकाचं वेगळं, ते अर्जाची फी भरायच्या आधी बघा. नवा धागा काढा, बरेच जण उत्तर देतील.

---

आकडेवेडा

काजवा यांची पोस्ट वाचून एक आठवलं, जे ख्रिश्चन प्रोग्रामना खास लागू पडतं. प्रत्येक प्रोग्रामला स्वतःची उद्दिष्टं जाहीर करावी लागतात आणि ती किती साध्य झाली याचा पुरावासुद्धा वेबसाइटवर द्यावा लागतो. ख्रिश्चन प्रोग्राममध्ये हमखास लिहिलेलं असतं, वंचितांची सेवा, ग्रामीण भागात काम, मेडिकल मिशन, करुणा वगैरे. छान आहे, पण मग त्याखाली पुरावा म्हणून काय ठेवलंय ते बघा. किती विद्यार्थ्यांनी डॉक्टरांचा तुटवडा जाहीर झालेल्या भागात रोटेशन केलं, पास झालेल्यांपैकी किती जण अशा भागात किंवा प्रायमरी केअरमध्ये नोकरी करतात, असे आकडे असतील तर ती माणसं बोलतात ते करतात. आणि 'आमचे ९६ टक्के विद्यार्थी समाधानी आहेत' एवढंच असेल तर ते उद्दिष्ट वेगळं आणि पुरावा वेगळा. जाहिरात आणि खरं यातलं अंतर मोजायला याच्याइतकी सोपी जागा नाही, आणि ॲडमिशन घेणारे शंभरातले दोन जणसुद्धा ते पान उघडत नसतील. नवीन प्रोग्रामचं पान थोडं रिकामं असणारच, पण निदान काय मोजणार, कधी मोजणार ते तरी लिहिलेलं असावं.

याचा पैशाशीही संबंध आहे. तुटवड्याच्या भागात काम केलं तर नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरकडून लोन फेडायला मदत मिळते, त्यांची स्कॉलरशिपही आहे आणि पीए दोन्हीला पात्र असतात. ज्या प्रोग्रामची तशा क्लिनिक्समध्ये आधीच ये-जा आहे तिथून बाहेर पडणाऱ्याला ती नोकरी धरणं सोपं.

---

निवांत_कट्टा

लोनवरून आठवलं, नव्या कायद्याचं कोणी बोललंच नाही. १ जुलै २०२६ पासून नवीन लोन घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस हे फेडरल लोन बंद. आधी त्यातून फी अधिक राहण्याखाण्याचा अख्खा खर्च निघायचा. आता ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला फेडरल लोन वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलरपर्यंत, 'प्रोफेशनल' धरलेल्या कोर्सना वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख. लेकीचा कोर्स कुठल्या खान्यात धरतायत ते फायनान्शियल एड ऑफिसकडून लेखी घ्या. खासगी ख्रिश्चन कॉलेजची फी स्टेटच्या दुप्पट असली आणि वरचा फरक खासगी बँकेच्या लोनने भरायचा म्हटलं तर गणित पार बदलतं. मी थांबा म्हणालो त्यात हेही होतं.

---

काजवा

हे बरोबर आहे, आणि खासगी बँक नवीन प्रोग्रामला लोन देते का तेही विचारा.

---

पाऊलवाट

अपडेट देते. लेकीने तुमच्या सगळ्यांच्या पोस्ट वाचून स्वतःच लांबलचक ईमेल केला, मला वाटलं होतं रागावतील, पण प्रोग्राम डायरेक्टरांनी दुसऱ्याच दिवशी झूमवर वेळ दिला. त्या आधी एका जुन्या प्रोग्राममध्ये बरीच वर्षं होत्या, तिथले पॅन्सचे रिपोर्ट आम्ही काढून पाहिले, देशाच्या सरासरीच्या वरच आहेत. पहिल्या बॅचमधले किती गळले ते त्यांनी न विचारता सांगितलं. दोन फॅकल्टी सोडून गेले हेही मान्य केलं, एक रिटायर झाले आणि एका जागेवर अजून माणूस मिळालेला नाही म्हणाल्या. ते काही मला आवडलं नाही पण लपवलं नाही.

रोटेशनला अडचण पीडियाट्रिक्सचीच आहे, रात्रपाळी म्हणाले तशी. बरेच विद्यार्थी दीड-दोन तासांवर जातात, घर प्रोग्राम भाड्याने घेऊन देतो, गाडी स्वतःची लागेल. विमेन्स हेल्थच्या साइट्समध्ये एक कॅथलिक हॉस्पिटल आहे आणि दोन काउंटीची क्लिनिक्स, कुठे जायचं ते लॉटरीवर, पण आवड कळवता येते. कव्हेनंट मोडलं तर आधी लेखी ताकीद आणि मग समिती, समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी असतो. लेकीने ते पूर्ण वाचलं आणि तिला दोन कलमं पटली नाहीत, तरी सही करेन म्हणाली. तिच्या बाबांनी त्यावर तासभर वाद घातला, तो इथे लिहीत नाही.

पहिल्या बॅचमधल्या एका मुलीशी पण बोलणं झालं. तिने सांगितलं की फार्माकॉलॉजीच्या सेमिस्टरमध्ये गोंधळ होता, लेक्चरच्या स्लाइड आदल्या रात्री यायच्या, दुसऱ्या बॅचला ते सुधारलं. परत निवडायचं झालं तर हेच घेशील का विचारल्यावर तिने जरा विचार करून हो म्हटलं.

लोनचं उत्तर अजून लेखी आलेलं नाही. फोनवर एकाने एक सांगितलं, दुसऱ्याने दुसरं.

---

आकडेवेडा

ते लेखी येईपर्यंत डिपॉझिट भरू नका, तारीख आठवडाभर पुढे ढकलायला ईमेल करा, आणि का ते त्यात स्पष्ट लिहा की तुमच्याच ऑफिसकडून उत्तर यायचंय. बहुतेक वेळा देतात. वेटलिस्टवाल्या स्टेट युनिव्हर्सिटीलाही आजच एक ईमेल टाका की अजून इंटरेस्ट आहे, कारण डिपॉझिटच्या तारखा उलटल्या की लोक जागा सोडतात आणि यादी तेव्हाच हलते.

---

रात्रपाळी

आणि तिथला नंबर लागला तर त्यांचाही ॲट्रिशनचा तक्ता बघा हो. स्टेट आहे म्हणून सोडू नका.

---

पाऊलवाट

दोन्ही ईमेल आत्ता गेले. स्टेटवाल्यांचा तक्ता पण उघडलाय, तीन वर्षांत दोन जण गळलेत फक्त. नवरा आता 'डिसेलरेटेड' म्हणजे काय ते मला समजावून सांगतोय.